रोज सव्वापाच वाजता शून्य

सोमवारी सकाळी दुकानाचे शटर अर्धेच वर गेले होते, तेवढ्यात काका आत आले आणि त्यांनी काउंटरच्या काचेवर पावले मोजणारे, अंगठ्याएवढे एक काळे यंत्र ठेवले. ‘गुरुवारी तुम्ही याचा सेल बदललात,’ ते म्हणाले, ‘आणि तेव्हापासून हे रोज संध्याकाळी सव्वापाच वाजता शून्य होतं. शुक्रवारी झालं, शनिवारी झालं, कालही झालं. मी साडेचारला चालायला लागतो, अर्धी चाल झाली की सगळं पुसलं जातं.’ आवाज चढलेला नव्हता, पण यंत्रावरून उचललेले बोट थरथरत होते. या गृहस्थांना मी लहानपणापासून ओळखतो. नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी एकतीस वर्षे काम केले आणि त्यांचे मनगटी घड्याळ पूर्वी माझे वडील दुरुस्त करीत असत.

महात्मा गांधी रोडवरच्या आमच्या या गाळ्यात वडिलांच्या वेळी फक्त घड्याळे येत. आता घड्याळांच्या जोडीने पावले मोजणारे पट्टे, नाडीचे ठोके दाखवणारे बँड, मुलांची खेळण्यातली घड्याळे असे सगळेच येते, आणि सेल बदलण्याचे काम तर दिवसातून वीस वेळा होते. काकांचे यंत्र मनगटावर बांधायचे नव्हते. ते रबरी खोळीत घालून पँटच्या पट्ट्याला किंवा सदऱ्याच्या खिशाला अडकवायचे असते. मागचे झाकण नाण्याने फिरवले की उघडते आणि आत २०२५ क्रमांकाचा बटन सेल बसतो. हा क्रमांक म्हणजे त्या सेलचे मापच आहे, वीस मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी. गुरुवारी मी जुना सेल काढला, नवा बसवला, आकडे उमटले ते पाहिले आणि यंत्र परत दिले. या कामात चूक होण्यासारखे काही असते असे मला त्या दिवसापर्यंत वाटले नव्हते.

सव्वापाच ही वेळ मात्र डोक्यातून जाईना. मी फोन काढून गुरुवारचे पैसे आल्याचा संदेश शोधला. त्यावर वेळ होती ५ वाजून १७ मिनिटे. तेव्हा उलगडा झाला. सेल बसवल्याक्षणी यंत्राचे घड्याळ बारापासून सुरू झाले होते, म्हणजे त्याच्या लेखी ती मध्यरात्र होती, आणि मध्यरात्री दिवसाची पावले शून्यावर आणणे हे त्याचे रोजचे काम आहे. मी काकांना ते सांगितले तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘मग वेळ लावून द्या.’ वेळ लावायला त्या यंत्रावर ना बटण होते, ना कुठली चावी. वेळ येते ती फोनमधल्या अ‍ॅपकडून. काकांच्या फोनमधले अ‍ॅप उघडले तर पडद्यावर एवढेच लिहून आले की या प्रारूपाला आता सेवा दिली जात नाही.

त्या मॉडेलची विक्री कंपनीने काही वर्षांपूर्वीच थांबवली होती, ते काकांना माहीत होते आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. नवे माल येतात, जुने जातात, हे कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही. पण विकलेल्या यंत्राची सेवाही अमुक तारखेपासून बंद होणार असे पत्र कंपनीने ई-मेलने पाठवले होते, आणि तो ई-मेल पत्ता पुण्यातल्या मुलाने यंत्र घेताना कधीतरी उघडून दिलेला होता. काकांनी तो एकदाही पाहिलेला नव्हता. बंदीची तारीख गुरुवारच्या आठ दिवस आधीच होऊन गेली होती. तरीही सेल जिवंत होता तोवर यंत्राला वेळ ठाऊक होती आणि काकांना काहीच जाणवले नव्हते.

‘यंत्र बिघडलेलं नाही,’ काका म्हणाले. ‘मी ते पाडलं नाही, भिजवलं नाही. मग ते बंद कोणी केलं? आमच्याकडे एक लेथ होतं, ते बनवणारा कारखाना बंद पडून किती वर्षं झाली होती. गिअर झिजला की आम्ही नवा गिअर कापून घ्यायचो. लेथनं कधी विचारलं नाही की तुझा मालक अजून धंद्यात आहे का.’

त्यांच्या मनगटावर एचएमटीचे जनता घड्याळ होते, वडिलांनीच कधीकाळी साफ केलेले. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरमध्ये १९६१ साली घड्याळांचा कारखाना उभा केला आणि केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये तो उद्योग बंद करण्यास मंजुरी दिली. त्यानंतरही आजपर्यंत असा एक आठवडा गेला नसेल की माझ्या काउंटरवर एखादे एचएमटी आले नाही. वडिलांनी जमवून ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यांत मेन स्प्रिंगा आणि काटे आहेत, जे नाही ते मोडक्या घड्याळातून काढता येते, आणि किल्ली दिली की घड्याळ चालते. त्याचा कारखाना बंद पडल्याची बातमी त्या घड्याळापर्यंत पोचलेलीच नाही. मी काकांच्या मनगटाकडे पाहिले, मग काचेवरच्या त्या काळ्या यंत्राकडे पाहिले, आणि त्यांचा राग मला पुरता पटला. घड्याळ विकणाऱ्याने घड्याळ विकले होते. हे यंत्र विकणाऱ्याने मात्र किंमत पूर्ण घेऊन त्याची चावी स्वतःकडे ठेवली होती.

मी दुकानदार आहे, तेव्हा पहिला उपाय दुकानदारासारखाच सुचला. मनगटावर बांधायचा एक नवा बँड काढून मी त्यांच्यापुढे ठेवला. काका म्हणाले, ‘हे मला चालत नाही, मुलानं एकदा दिलं होतं.’ मला वाटले, सवयीचा प्रश्न असेल. म्हणून मी म्हटले, ‘काका, आपण मोजूनच पाहू.’ बँड त्यांच्या डाव्या मनगटावर, जुने यंत्र पट्ट्याला, आणि आम्ही दोघे मेहेर चौकाच्या दिशेने चालू लागलो. काका मोठ्याने मोजत होते. त्यांनी हात पाठीमागे बांधले होते, डाव्या मनगटाला उजव्या हाताने धरून, जसे ते रोज चालतात तसेच. दोनशे म्हणताच आम्ही थांबलो. पट्ट्याच्या यंत्राने १९७ पावले धरली होती. मनगटावरच्या नव्या बँडने ५८.

हे मला आधी कळायला हवे होते. या यंत्रांत त्वरणमापक असतो, तीन दिशांतला हिसका टिपणारी एक बारीकशी चिप, आणि त्या हिसक्यांच्या लयीवरून पाऊल ओळखले जाते. मनगटावरच्या बँडला प्रामुख्याने हाताचा झोका कळतो. हात पाठीमागे बांधलेला असेल, हातात काठी असेल, भाजीची पिशवी असेल किंवा कोणी नातवाची गाडी ढकलत असेल, तर झोका नाहीसा होतो आणि त्यासोबत पावलेही. कमरेला मात्र प्रत्येक पावलाचा हिसका पोचतोच. म्हणजे काका हट्टाने जुन्याला चिकटून बसले नव्हते. त्यांच्या चालण्याला जे यंत्र बरोबर होते तेच बाजारातून गेले होते, आणि त्याच्या जागी आलेले सगळे नवे माल दुसऱ्याच पद्धतीने चालणाऱ्या माणसांसाठी होते. ग्राहक चिडला की त्याला बदल नको आहे असे आम्ही दुकानदार सहज म्हणून टाकतो. त्या दिवसापासून मी तसे म्हणणे सोडले आहे.

त्याच दुपारी पोलीस भरतीच्या तयारीतली एक मुलगी बँडचा तुटलेला पट्टा घेऊन आली होती. तिच्या बँडचा पट्टा एका खास खाचेत बसणारा, ते मॉडेल बंद झालेले आणि पट्टा कुठेच मिळेना. तिला मी शिंप्याकडून जाड इलॅस्टिकची पिशवी शिवून घ्यायला सांगितले. तिचे काम तेवढ्यावर भागले.

काकांचे भागणारे नव्हते, कारण त्यांचा खरा जीव सहा वर्षांच्या आकड्यांत होता. बायपास झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितले तेव्हापासूनचा रोजचा आकडा त्या अ‍ॅपमध्ये होता. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली त्यानंतर गच्चीवर घातलेल्या फेऱ्या त्यात होत्या. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी केली त्या दिवशीची ३१ हजारांवरची पावले त्यांना तोंडपाठ होती. आम्ही मुलाला फोन लावला. त्याने तो जुना ई-मेल शोधून काढला, आणि सुदैवाने खाते महिनाअखेरपर्यंत उघडे राहणार होते. त्याने तासाभरात सगळी माहिती उतरवून घेतली आणि मला पाठवली. आकड्यांखेरीज त्यात शेकडो नोंदी होत्या, त्यांतून दिनांक आणि पावले एवढे दोनच रकाने वेगळे करून मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. अशी सूचना आली की नवे काय घ्यायचे याचा विचार करण्याआधी जुनी माहिती उतरवून घ्यावी, असे मी आता येईल त्याला सांगतो.

छापील कागदांत सेवा बंद झाल्यापासून गुरुवारपर्यंतचे आठ दिवस नव्हते. ते आकडे फक्त यंत्राच्या पोटात होते आणि मी सेल काढला तेव्हा ते गेले. तसे मी काकांना सांगितले, आणि माझ्या हातून गेले हेही सांगितले. अ‍ॅप बंद असल्याने ते बाहेर काढता आले नसते हे खरे, पण पडद्यावर त्या दिवसाचा आकडा तरी होता, तो मी त्यांना लिहून घ्यायला लावू शकलो असतो. मुलगा फोनवर म्हणाला, ‘बाबा, सरासरी टाकून द्या.’ काकांनी त्या आठ ओळींसमोर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. ‘मोजलं नाही ते लिहायचं नाही,’ ते म्हणाले.

मग त्यांनी विचारले की याची दाद कुठे मागायची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी त्यांना लिहून दिला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ च्या जुलैमध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचे पोर्टल सुरू केले, हेही सांगितले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी असा त्यामागचा विचार आहे. युरोपीय संघाने तर १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवून कायदा केला आहे की लहान उपकरणांतली बॅटरी सर्वसाधारणपणे ग्राहकाला स्वतः काढता आणि बसवता आली पाहिजे. डिंकाने चिकटवलेले आणि फुगलेल्या बॅटरीमुळे टाकून द्यावे लागणारे बँड मी रोज पाहतो, म्हणून मला या कायद्याचे मोल वाटते. पण काकांच्या यंत्राचा सेल तर नाण्याने निघत होता आणि तरीही ते अडले होते. विकलेल्या वस्तूची सेवा काढून घेताना तिला निदान स्वतःच्या पायावर उभी करून जावे, एवढे बंधन उत्पादकावर असायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते अशक्य नाही. पेबल नावाच्या घड्याळाची कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाली, २०१८ मध्ये तिची सेवाही थांबली, पण ‘रिबल’ या नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी ती घड्याळे चालू ठेवली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने त्या घड्याळांच्या प्रणालीचा बराचसा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सर्वांसाठी खुला केला.

हे बोलता बोलताच मला घड्याळजीचा उपाय सुचला. यंत्र सेल बसवल्याच्या क्षणाला मध्यरात्र समजत असेल, तर सेल मध्यरात्रीच बसवावा. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि दिवसाला सेकंदा-दोन सेकंदापेक्षा जास्त चुकत नाही. सेल सहा महिने टिकला तरी फरक पाच-सहा मिनिटांचा, आणि त्या वेळी काका झोपलेले असणार. फोन नको, अ‍ॅप नको, खाते नको. रात्री झोपताना पडद्यावरचा आकडा वहीत लिहायचा, बस. मी त्यांना नाण्याने झाकण फिरवायला शिकवले, सेलची खुणेची बाजू वर ठेवायला सांगितले, आणि दोन जादा सेल दिले. टूलरूमच्या माणसाला दोनदा सांगावे लागले नाही.

रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी त्यांचा फोन आला. आकाशवाणीची वेळ लावून घेतलेल्या एचएमटीकडे पाहत त्यांनी बाराच्या ठोक्याला सेल आत ढकलला होता. दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरून बोलले. आकडा पुसला गेला नव्हता.

आठ-दहा दिवसांनी काका पुन्हा आले. यंत्राची रबरी खोळ कडेला चिरत आली होती आणि तीही आता कुठे मिळत नाही. त्यांनी जुन्या सहकाऱ्याच्या शेडमध्ये जाऊन स्प्रिंग स्टीलच्या पट्टीची एक क्लिप वाकवून आणली होती, कडा कानशीने घासून गोल केलेल्या, यंत्र आत सरकवले की टचकन बसणारी. अशाच आणखी दोन करून दुकानात ठेवू का, कोणाला लागल्या तर द्यायला, असे त्यांनी मला विचारले.