गडाच्या वाटेवर सुरथ आणि समाधी

चैत्र शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव भरतो आणि त्या दिवसांत धुळे, नंदुरबार व जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतून गडाकडे जाणारे रस्ते भगव्या झेंड्यांनी भरून जातात. गड नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात आहे. तरीही खान्देश हे सप्तशृंगी देवीचे माहेर मानले जाते, आणि नवरात्रात गडावर कितीही गर्दी लोटली तरी चैत्रातली यात्रा ही माहेरच्या माणसांची, असे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. माहेरचा माणूस रिकाम्या हाताने जात नाही. आमच्या जथ्थ्यात आत्याने देवीसाठी घेतलेली अकरा वार साडी आणि चोळीचे तीन खण पिशवीत घालून ती पिशवी सगळी वाट स्वतःच्या खांद्यावर वागवली. कड्यातच कोरलेल्या, सुमारे आठ फूट उंचीच्या आणि अठरा हातांच्या त्या मूर्तीला एवढे वस्त्र लागतेच. सामानाच्या गाडीत ती पिशवी ठेवायला मात्र आत्या शेवटपर्यंत तयार झाली नाही.

धुळ्यात पांझरेच्या काठी एकवीरादेवीचे दर्शन घेऊन आम्ही निघालो. चैत्रातल्या उन्हाची खान्देशात कोणी चेष्टा करत नाही, त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळनंतर चालायचे, दुपार झाडाखाली किंवा एखाद्या मंगल कार्यालयाच्या ओट्यावर काढायची, असा आमचा क्रम होता. लळिंगचा किल्ला अंधारातच मागे पडला, आर्वी गेले, झोडग्याला उजाडले. पहिल्या मुक्कामापर्यंत बहुतेकांच्या तळपायांना फोड आले होते. जथ्थ्याचे पुढारी असलेले जिभाऊ कंदिलाएवढा चार्जिंगचा दिवा शेजारी ठेवून बसले आणि एकेकाचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी सुईत ओवलेला पांढरा दोरा फोडातून आरपार काढला. दोऱ्याची दोन्ही टोके बाहेर ठेवली की पाणी हळूहळू झिरपून जाते आणि कातडे निघत नाही. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यापासून अनवाणी चालणाऱ्या कॉलेजच्या पोरापर्यंत सगळ्यांचे पाय त्यांनी तितक्याच शांतपणे हातात घेतले.

दुपारच्या मुक्कामात एक निवृत्त गुरुजी सप्तशतीची पोथी काढत आणि मराठीत अर्थ सांगत. मार्कंडेय पुराणातला हा तेरा अध्यायांचा, सातशे मंत्रांचा भाग आम्हा सर्वांच्या घरी नवरात्रात वाचला जातो, पण ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहतो तो महिषासुराचा वध आणि शुंभ-निशुंभांचे युद्ध. मला या वाटेवर पहिला अध्याय अधिक जवळचा वाटला. शत्रूंनी हरवलेला आणि स्वतःच्याच अमात्यांनी लुबाडलेला सुरथ राजा शिकारीचे निमित्त करून एकटाच घोड्यावरून अरण्यात येतो. मेधा ऋषींच्या आश्रमात त्याला समाधी नावाचा वैश्य भेटतो. धनाच्या लोभाने बायको-मुलांनीच त्याला घराबाहेर काढलेले असते. दोघांनाही आपल्या माणसांनी टाकले आहे, आणि तरी दोघांचाही जीव मागेच अडकला आहे. राजाला काळजी आहे ती आपल्या हत्तीला वैरण मिळत असेल का याची आणि साठवलेला खजिना उधळला जात असेल याची. वैश्याला काळजी आहे ती ज्यांनी हाकलले त्या मुलांची. आपण जाणते असूनही असे का होते, हा त्यांचा ऋषींना प्रश्न आहे.

मेधा ऋषी उत्तरात पाखरांकडे बोट दाखवतात. ती स्वतः भुकेने व्याकूळ असतात, तरी दाणा पिल्लांच्या चोचीत घालतात. माणसेही मोहाने तशीच वागतात, आणि हा मोह ज्या महामायेचा आहे, प्रसन्न झाली तर मुक्ती देणारीही तीच आहे. देवीची कथा इथून सुरू होते. गुरुजींनी हा भाग सांगितला तेव्हा दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात बसलेल्या मंडळीत एकदम शांतता झाली. त्यांत मुलांनी शेत वाटून घेतल्यावर वेगळ्या खोलीत राहणारे एक आप्पा होते, आणि त्याच मुलांसाठी ते गडावर नवस फेडायला निघाले होते. त्यांनी काही विचारले नाही. हातातली दशमी तशीच धरून ते पोथीकडे पाहत राहिले.

मालेगावच्या पुढे, देवळ्याकडून कळवणकडे जाताना, गिरणेचे खोरे सोबत असते. सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी कळवण, देवळा, मालेगाव करत जळगाव जिल्ह्यात उतरते आणि तापीला मिळते. आमच्या भागातली कितीतरी शेते हिच्यावर उभी आहेत, आणि चैत्रात हिचे पात्र किती कोरडे पडते हेही आम्हीच जाणतो. म्हणूनच असेल, अकराव्या अध्यायातले देवीचे वचन ऐकताना शेतकरी मंडळी सावरून बसली: शंभर वर्षे पाऊस पडणार नाही तेव्हा मी शंभर डोळ्यांनी ऋषींकडे पाहीन, आणि पाऊस येईपर्यंत माझ्या देहातून उगवलेल्या भाज्यांनी जग जगवीन. शताक्षी आणि शाकंभरी ही नावे त्या वचनातून आली.

वाटेवर ठिकठिकाणी गावकरी मठ्ठा, साबुदाण्याची खिचडी, कलिंगडाच्या फोडी घेऊन उभे असतात आणि हात जोडून थांबवतात. “आते थोडंसंच ऱ्हायनं, माय,” असे एका मावशीने आत्याला सांगितले तेव्हा गड अजून दिसतही नव्हता. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवरचे ध्वनिक्षेपक मात्र मला सोसवत नाहीत. तरुणांचा उत्साह समजतो, परंतु देवीचे नाव ऐकू येऊ नये इतक्या मोठ्या आवाजात देवीचे गाणे लावण्यात काय मिळते, हे मला अजून उमगलेले नाही. जिभाऊंनी त्यांच्याशी वाद न घालता आमचा जथ्था रस्त्याच्या कडेला बसवला आणि त्यांना पुढे जाऊ दिले.

नांदुरीहून गाडीरस्ता सोडून आम्ही रडतोंडीच्या पायवाटेने चढलो. वर शिवालय तीर्थावर हातपाय धुऊन पायऱ्यांपाशी आलो, तर पायथ्याशीच महिषासुराचे दगडी शिर आहे. लोक त्यालाही हळदकुंकू वाहतात. माझ्यासोबतच्या एका तरुणाला हे खटकले. गुरुजींनी त्याला चौथा अध्याय आठवून दिला: युद्ध संपल्यावर देव देवीची स्तुती करताना म्हणतात की, तुझ्या चित्तात कृपा आहे आणि रणात निष्ठुरता आहे, आणि ही दोन्ही तुझ्याच ठायी एकत्र दिसतात, शत्रूंनीही शस्त्राने पावन होऊन उत्तम लोकांना जावे अशीच तुझी इच्छा आहे. देवी जन्मली तीच मुळी सर्व देवांच्या तेजातून, आणि शंकराचा त्रिशूळ, विष्णूचे चक्र, वरुणाचा शंख, इंद्राचे वज्र, ब्रह्मदेवाचा कमंडलू व हिमालयाने दिलेला सिंह अशी प्रत्येकाची वस्तू घेऊन ती रणात उतरली. गाभाऱ्यात ते अठरा हात पाहताना या याद्या पाठांतराच्या राहत नाहीत. 2022 साली मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप काढल्यानंतर मूळचे कोरीव रूप उघडे झाले आहे, त्यामुळे आता आयुधे आणि चेहरा स्पष्ट दिसतात. मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी सप्तशती सांगत होते आणि देवी ती कान देऊन ऐकत होती, असे गडावर सांगतात. आत्याने साडी आणि खण पुजाऱ्यांच्या हाती दिले तेव्हा मागच्या रांगेने आम्हाला थांबू दिले नाही, आणि कळसाकडे पाहत आम्ही उतरलो.

त्या दुपारी धर्मशाळेच्या व्हरांड्यात गुरुजींनी तेरावा अध्याय पुरा केला. सुरथ आणि समाधी नदीकाठी मातीची मूर्ती करून तीन वर्षे आराधना करतात आणि देवी प्रकट होऊन दोघांनाही वर माग म्हणते. राजा गेलेले राज्य मागतो आणि पुढच्या जन्मी कधीही न जाणारे राज्य मागतो. वैश्य ‘मी’ आणि ‘माझे’ सुटेल असे ज्ञान मागतो. देवी दोघांनाही मागितले ते देते. राजाला ती थोड्या दिवसांत राज्य परत मिळेल असे सांगते, पुढे तो सावर्णी नावाचा मनू, म्हणजे मानवांचा अधिपती, होईल असेही सांगते, आणि वैश्याला ज्ञान देते. राज्य मागितले म्हणून ती राजाला एका शब्दाने उणे लेखत नाही.

“मन्हा आंडोरले नोकरी लागू दे, इतलंच मांगं मी,” आत्या आपल्या मुलाबद्दल म्हणाली, आणि राजाने मागितले तेच आपण मागितले, यात तिला काही कमीपणा वाटत नव्हता. आप्पांनी काय मागितले ते त्यांनी सांगितले नाही. पोथी कापडात गुंडाळून झाल्यावर ते जिभाऊंना नांदुरीहून धुळ्याकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ विचारू लागले, कारण धाकट्या मुलाच्या घरी दुसऱ्या दिवशी नातवाचे जावळ होते.