आमची वाटचाल : डिस्क गिऱ्हाईकाच्या घरी चालली पाहिजे

कॉम्प्युटरवर चालणारी फाइल घरच्या डीव्हीडी प्लेअरवर चालेलच असं नाही, आणि बडोद्यात दांडिया बाजारात व्हिडिओ डीव्हीडीवर उतरवून देण्याचा आमचा धंदा उभा राहिला तो याच फरकावर. एमपी४ जशीच्या तशी डिस्कवर टाकून देण्याला आम्ही काम म्हणत नाही. साध्या प्लेअरला एमपेग-२ हा डीव्हीडीचा व्हिडिओ प्रकार लागतो : ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ. पुष्कळ जुन्या फाइलींत आवाज ४४.१ चा असतो, तो आधी बदलावा लागतो.

व्हीसीडीचा काळ, मग लग्नाच्या कॅसेटी डिस्कवर उतरवण्याचा काळ, दोन्ही ठीक गेले. सांगायचं आहे ते ‘सहा तास’वाल्यांबद्दल.

आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक दुकान उघडलं. पाटी लागली : एका डिस्कमध्ये सहा तास, दर निम्मा. गिऱ्हाईक तिकडे वळलं. आता हिशेब बघा. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवले तर चित्र आणि आवाजाची माहिती भरायला सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट मिळतात. त्यातून आवाजाचे २२४ किलोबिट आणि थोडी राखीव जागा काढली की चित्राला ४.७ च्या आसपास उरतात. सहा तास कोंबले की चित्राच्या वाट्याला जेमतेम दीड मेगाबिट येतो. खुर्चीत बसून बोलणारा माणूस दीडमध्ये निभावून जातो. गरबा निभावत नाही. गिरकी घेणारा घेर, चणियाचोळीवरचे आरसे, मागे हलणारी गर्दी, फ्रेमगणिक सगळंच बदलतं. मागच्या फ्रेममधून उचलण्यासारखं एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरला, काही सापडत नाही आणि टीव्हीवर नुसते चौकोन दिसतात. चार तास हवेच असतील तर रुंदी निम्मी करून ३५२ बाय ५७६ घ्यावी. डीव्हीडीच्या नियमात ते बसतं, चित्र मऊ होतं पण फुटत नाही. हे आम्ही काउंटरवर प्रत्येकाला समजावून सांगत होतो. लोक दर विचारून निघून जात. ते शल्य अजून गेलेलं नाही.

त्यातच लग्नसराईत कोऱ्या डिस्कचा एक मोठा लॉट दगा देऊन गेला. आमच्या रायटरवर डिस्क पूर्ण वाचली जायची, गिऱ्हाईकाच्या घरी तासाभरानंतर अडकायची. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि हलक्या मालाची बाहेरची कडच सगळ्यात कच्ची असते, म्हणून मुहूर्तापर्यंत सगळं छान आणि नेमकी पाठवणी अडकलेली. इमेजबर्न या बर्न करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचा मीडिया कोड, म्हणजे ती खरी कोणी बनवली त्याची खूण, दिसतो. तो काढून पाहिला तर खोक्यावरचं नाव एक आणि आतला माल दुसऱ्याचाच. घाऊक व्यापाऱ्याने हात वर केले. शेजारच्या दुकानाने गावभर सांगितलं की यांना बर्न करता येत नाही. आम्ही प्रत्येक लग्न पदरच्या खर्चाने पुन्हा बर्न करून घरपोच दिलं. दुकान बंद व्हायचंच बाकी होतं. तेव्हापासून प्रत्येक लॉटचा कोड तपासतो, ८एक्स वेगाच्या वर बर्न करत नाही, आणि डिस्क काठोकाठ न भरता ४.२ जीबीला थांबतो.

त्या दिवसांतही एक काकू आमच्याकडेच येत राहिल्या. मुलगा अमेरिकेत, तो नातवंडांचे व्हिडिओ मोबाइलवर काढून पाठवतो. घरी काचेचा जुना टीव्ही, तीन रंगांच्या पिनांची वायर, आणि प्लेअरचा रिमोट कधीच हरवलेला. प्लेअरच्या तोंडावर बाणांची बटणं नसतात, म्हणजे मेनू आला की गाडी तिथेच थांबली. म्हणून त्यांच्या डिस्कला मेनू ठेवतच नाही : डिस्क घातली की थेट पहिला व्हिडिओ, तो संपला की आपोआप दुसरा. मोबाइलचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, बदलता असतो. तो आधी स्थिर ३० वर आणून मगच २५ करावा, नाहीतर ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. टीव्ही नवा असता तर २९.९७ फ्रेमची, ७२० बाय ४८० ची एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीची, डिस्कच दिली असती, हालचाल जास्त गुळगुळीत दिसली असती. जुन्या टीव्हीवर तिचा रंग जाण्याची भीती असते, म्हणून आपल्याकडची ‘पाल’ (PAL) पद्धत.

दुकानात तपासणीसाठी जुने प्लेअर मुद्दाम सांभाळून ठेवले आहेत. त्यातला सर्वांत हट्टी ‘डीव्हीडी प्लस आर’ (DVD+R) जातीची कोरी डिस्क घेतच नाही, बर्न करताना बुकटाइप, म्हणजे डिस्कवरची जातीची नोंद, डीव्हीडी-रॉम केला तरच घेतो. प्रत्येक डिस्कची शेवटची दहा मिनिटं त्याच्यावर बघितल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. डीव्ही (कॅमेऱ्याच्या डिजिटल) कॅसेटवरून घेतलेलं काम असेल तर फील्डचा, म्हणजे फ्रेमच्या एकाआड एक ओळींच्या दोन भागांचा, क्रमही तिथेच कळतो. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं. डिस्कवर वरचं आधी अशी खूण पडली तर वरात चालत नाही, थरथरते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हा दोष बहुतेकदा लपून जातो.

दोन गोष्टी न विचारता सांगतो. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. तोल जातो, कागद उन्हाळ्यात आकसतो आणि डिस्क थरथरायला लागते. नाव लिहायचं तर डिस्कसाठीच्या पेनाने, आतल्या पारदर्शक कड्याजवळ. आणि पेनड्राइव्ह लावून मोकळे होऊ म्हणणाऱ्यांनी प्लेअरवर काय छापलंय ते वाचावं. डिव्हएक्स (DivX) लिहिलेल्या जुन्या प्लेअरला मोबाइलच्या व्हिडिओत असतो तो एच.२६४ प्रकार कळत नाही, त्याला ७२० बाय ५७६ पर्यंतची एव्हीआयच लागते, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर एक फाइल ४ जीबीच्या आतच राहते. आरतीचे शब्द देवनागरीत खाली हवे असतील तर ते चित्रातच उमटवून घ्या. वेगळी सबटायटल फाइल दिलीत तर अशा प्लेअरवर बहुधा नुसते चौकोन दिसतील.

काम घेऊन येताना प्लेअरचा मॉडेल नंबर आणि टीव्हीला कोणती वायर जाते एवढं बघून या. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान झालेली असते. तीच डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणा.