कृपया योग्य नाव लिहा

मे महिन्यात दुपारी तीन वाजता नागपुरात कुणी कुणाला फोन करत नाही. तरी वाजला. मी बनियनवर कूलरसमोर आडवा झालेलो. नंबर अनोळखी होता, पण उचलला. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक अनोळखी नंबरातूनच येतं.

“बेटा, त्या कूलरवाल्याचं वेबसाइटचं काम तूच केलं ना?”

“हो आजी.” आवाजावरून आजीच.

“मग ते माहं नाव काहून नाही घेऊन राहिलं?”

काय दिसतंय म्हणून विचारलं.

“‘कृपया योग्य नाव लिहा’ म्हणते. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाले, लोकं मले याच नावानं बोलावतेत. आता अयोग्य कसं झालं बाप्पा?”

यावर काय बोलणार? पाहतो म्हणालो. ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “तुहा कूलर मस्त चालून राहिला वाटते. इथपर्यंत आवाज येऊन राहिला.”

‘कृपया योग्य नाव लिहा’ हे वाक्य मीच लिहिलेलं. मार्चमधल्या एका रात्री, झोप येत असताना. ‘नाव पुन्हा लिहा’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण हात ‘योग्य’कडे गेला. फॉर्म लिहिणाऱ्याच्या अंगात थोडा हेडमास्तर शिरतोच.

शहरातल्या महाल भागाच्या बाजूला एक भाऊ कूलर दुरुस्त करतात. मोटर भरणं, पंप बदलणं, नवी खस लावणं, सगळं. त्यांना संपर्काचा फॉर्म हवा होता. रकाने चार: नाव, फोन, पिनकोड, काय बिघडलं. अट एकच, “फालतू लोकायचे मेसेज नाही आले पाहिजे.” म्हणून मी प्रत्येक रकान्याच्या दारात एकेक पहारेकरी बसवला.

नावाच्या दारातल्या पहारेकऱ्याचा मला विशेष अभिमान होता. पुष्कळ फॉर्म ए ते झेडच्या पलीकडे नाव असू शकतं हेच मानत नाहीत. मी तसला नाही. मी नियम लिहिला होता, ‘जगातल्या कुठल्याही लिपीतलं अक्षर चालेल’. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांची संगणकानं ठेवलेली यादी. तीत प्रत्येक नोंदीची जात ठरलेली असते, अक्षर, अंक, विरामचिन्ह अशी. त्यातली ‘अक्षर’ ही जात मी मंजूर केली, रकान्यात ‘कमल’ टाइप करून पाहिलं, गेलं, आणि झोपलो.

कमलच का? दुसरं काही सुचलंच नाही.

पहिलीत बाईंनी काना-मात्रा शिकवायच्या आधी नुसत्या अक्षरांचे शब्द शिकवले. घर. नळ. गवत. मग एक दिवस म्हणाल्या, आता कुणाकुणाला स्वतःचं नाव लिहिता येईल? आख्ख्या वर्गात असा एकच पोरगा निघाला, ज्याच्या नावात ना काना ना वेलांटी. तीन सरळ अक्षरं. त्यानं फळ्यावर जाऊन नाव लिहिलं, बाईंनी आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्यांचा राग मला अजून आठवतो. माझ्या नावात काना, वेलांटी आणि शेवटी जोडाक्षर. वेलांटी आली दिवाळीच्या आधी, जोडाक्षराला तर जानेवारी उजाडला. तोवर मी पाटीवर नावाचा नुसता सांगाडा लिहून घरी न्यायचो. बाबा तो जसा लिहिला तसा मोठ्यांदा वाचायचे आणि हसायचे. आई ओरडायची त्यांच्यावर.

तर तोच वर्ग मी इतक्या वर्षांनी कूलरवाल्या भाऊंच्या वेबसाइटवर पुन्हा भरवला होता. लॅपटॉप उघडून नावं टाकत गेलो. रमण, गेला. मदन, गेला. सुमती उकारावर अडली. वसंत तर एका टिंबापायी बाहेर. युनिकोडच्या हिशेबात क, म, ल ही अक्षरं, पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, एवढंच काय, पाय मोडायची खूणसुद्धा, ही अक्षरं नाहीतच. त्यांची जात वेगळी, ‘चिन्ह’. त्यात युनिकोडची चूक म्हणता येत नाही. चिन्ह ही जात मंजूर करायची मीच विसरलो होतो.

मग चाळाच लागला. बाबा अडले. ताई अडली. भाऊ, मावशी, आजी, सगळे दारात उभे. ‘आई’ मात्र थेट आत गेली. आ आणि ई, दोन्ही स्वतंत्र स्वर, पदर सावरायचीही गरज नाही. हे मी बायकोला मोठ्या कौतुकानं सांगायला गेलो. ती आमरसाची वाटी ठेवत म्हणाली, आणि बायको? टाकून पाहिलं. अडली.

‘चिन्ह’ ही जात नियमात घालायला चार मिनिटं लागली. सुमती गेली, वसंत गेला. पुन्हा आडवा होणार तेवढ्यात वाटलं, विदर्भात आहोत तर ‘वऱ्हाडे’ टाकून पाहावं. माझ्या कीबोर्डवरून गेलं, बायकोच्या फोनवरून अडलं. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण काही कीबोर्ड तो ऱ्हा काढताना मध्ये एक न दिसणारा जोडक घालतात. तो ना अक्षर, ना चिन्ह, त्याची तिसरीच जात. म्हणजे ज्या आडनावात आमचा अर्धा मुलूख राहतो, तेच बाहेर.

तेव्हा कुठे डोक्यात आलं की नावाला तपासायचं तरी काय? रिकामं नको. पानभर लांब नको. आणि मध्ये नवी ओळ नको, कारण फॉर्ममधला मजकूर ईमेलनं जातो तेव्हा भामटे त्या नव्या ओळीआड भलतेच ईमेल पत्ते सरकवतात आणि कूलरवाल्याच्या नावानं शेकडो लोकांना जाहिराती जातात. बाकी नाव ज्याचं त्यानं ठरवावं. शिवाय ही तपासणी नुसती ब्राउझरमध्ये करून उपयोग नसतो, तिला वळसा घालून कुणीही थेट सर्व्हरवर, म्हणजे फॉर्म जिथे पोचतो त्या संगणकावर, माल धाडू शकतो. ब्राउझर म्हणजे लग्नाच्या हॉलच्या दारात गुलाबपाणी शिंपडणारं पोरगं. ताटं मोजणारा माणूस आत पंगतीतच हवा. आणि फालतू मेसेज धाडणाऱ्या यंत्रांसाठी एक रकाना लपवून ठेवायचा. माणसाला तो दिसत नाही, यंत्र अधाशासारखं तोही भरतं. तो भरलेला आला की अख्खा निरोप फेकायचा. भाऊंचे फालतू लोक एवढ्यानं बरेच कमी होतात.

पिनकोडात मात्र मी चुकणार नाही अशी खात्री होती. सहा अंक, पहिला शून्य नाही, विषय संपला. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी सगळं आखून ठेवलेलं. टपाल खात्यातला अधिकारी, वर संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, तेव्हापासून आमच्या शहराचा नंबर ४४० पासून. पण मी पडलो हुशार. भाऊ फक्त नागपुरात काम करतात म्हणून ४४० सोडून दुसरं काही घ्यायचंच नाही असा नियम ठोकला. एप्रिलमध्ये भाऊंचा फोन, “कामठीचा माणूस म्हणते फॉर्म नाही जाऊन राहिला. कामठी का लंडनले आहे का भाऊ?” कामठीचा पिन ४४१ पासून सुरू होतो.

आणि फोनच्या रकान्याबद्दल माझं जुनं भांडण आहे. ‘मध्ये जागा सोडू नका’ म्हणून दटावणारे फॉर्म मला सहन होत नाहीत. आमचे बाबा नंबर सांगायचे तो पाच-पाचच्या तुकड्यांत, मध्ये श्वास घेऊन, आणि घरचा नंबर सांगताना आधी ‘शून्य सात एक दोन’ म्हणून थांबायचे, समोरच्यानं मान डोलावली की पुढे. तो श्वास म्हणजेच ती मोकळी जागा. ती पुसायला यंत्राला किती वेळ लागतो? माझा फॉर्म जागा मुकाट्यानं काढून टाकतो, आजींनी आकडे देवनागरीत लिहिले तरी बदलून घेतो. एवढी एक गोष्ट मी पहिल्यापासून नीट केली होती, म्हणून इथे सांगून घेतली.

ते ‘योग्य’ काढलं. आता लिहिलंय, ‘नाव राहिलं का?’

जे अडले त्यांची नोंद कुठेच नसते. फॉर्म पुढे गेला तर नोंद. मार्चपासून मेपर्यंत किती काने, किती वेलांट्या दारातून परत गेल्या आणि किती घरांत पंख्यावर भागवलं, कोण जाणे. भाऊ म्हणायचे खरं, यंदा वेबसाइटवरून गिऱ्हाईक येऊन नाही राहिलं. मी म्हणायचो, थांबा, वेळ लागतो.

संध्याकाळी फॉर्ममधून एक निरोप आला. नाव पूर्ण, वडलांच्या आणि नवऱ्याच्या नावासकट, दोन जोडाक्षरं, तीन वेलांट्या. खाली ‘काय बिघडलं’ या रकान्यात लिहिलं होतं: काही नाही. कूलर दुपारीच दुरुस्त झाला. नाव घेते का पाहून राहिली होती.