शेवटच्या पानावरची पेन्सिल

अगाथा ख्रिस्तींची रहस्यकादंबरी संपली आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, ‘फसवलं की वो बाईंनी!’ त्याखाली दुसऱ्याच अक्षरात, ‘फसवलं न्हाई. चौथं प्रकरण परत वाचा.’

रंकाळ्याच्या कट्ट्यावर उजेड सरत आला होता. तरी तिथंच पानं मागं उलटली. खरंच, सगळं समोर होतं. दोन वाक्यांमधली दहा मिनिटं मीच न बघता ओलांडली होती.

ही ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ १९२६ ची. तेव्हाही काही वाचकांना ती लबाडी वाटली होती. रहस्यकथा लिहिणाऱ्याच डोरोथी सेयर्स यांचं म्हणणं मात्र, संशय सगळ्यांवर घेणं हे वाचकाचंच काम.

मला ते पटतं. आणि भांडताना दोघांनीही खुन्याचं नाव लिहिलं नाही, हे तर फारच आवडलं. पुढच्या वाचकाची एवढी काळजी!

तुमच्यासाठी कुणी शेवट असा जपलाय का?