नेटवर्कवरील संगणकांची ऑपरेटिंग सिस्टीम ओळखताना आलेला माझा अनुभव

फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कवरील ये-जा अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या प्रणालीत, एका पत्त्यापुरता नियम जोडण्यास पाच मिनिटे पुरतात. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षाला त्यासाठी ११ दिवस लागले आणि त्या दिवसांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

विंडोज १० साठीचे नेहमीचे मोफत अद्ययावतीकरण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्यानंतर आमच्या ६४ संगणकांपैकी किती अजून त्यावरच चालतात, याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. प्राचार्यांची लेखी परवानगी पहिल्याच दिवशी मिळाली. प्रिंटर, वायफायचे राउटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर एनमॅपने, म्हणजे नेटवर्कवरील यंत्रे तपासणाऱ्या प्रोग्रामने, तासाभरात ओळखले. रेकॉर्डरच्या नावापुढे लिनक्स पाहून सहकारी चकित झाले, परंतु अशा उपकरणांत बहुधा लिनक्सचेच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) असते.

प्रयोगशाळेतील संगणकांपाशी मात्र काम थांबले. एनमॅप समोरच्या यंत्राकडे टीसीपी, यूडीपी आणि आयसीएमपी या संदेशवहनाच्या पद्धतींची जास्तीत जास्त १६ पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) पाठवतो आणि उत्तरांच्या बारकाव्यांवरून, म्हणजे टीसीपीच्या विंडोचा आकार (एका वेळी किती माहिती स्वीकारता येईल तो आकडा), टीसीपीच्या पर्यायांचा क्रम यांसारख्या गोष्टींवरून, स्वतःजवळच्या, माहीत असलेल्या प्रणालींच्या ठशांशी जुळणी करतो. ही जुळणी भरवशाची व्हावी यासाठी निदान एक उघडे आणि एक बंद पोर्ट (संगणकावरील सेवेचे क्रमांक असलेले दार) सापडावे लागते. बंद पोर्ट ‘येथे कोणी नाही’ असे उत्तर देते; आमची फायरवॉल पॅकेट गिळून गप्प बसत होती. त्यामुळे प्रत्येक संगणकापुढे निकाल अविश्वसनीय असल्याची सूचना येई, आणि अंदाज करण्याचा पर्याय वापरला की एकाच यंत्रासाठी तीन-चार वेगवेगळी नावे टक्केवारीसह समोर येत. असे अंदाज यादीत लिहिणे मला अप्रामाणिक वाटले.

देखभालीसाठी या संगणकांवर रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवण्याची सोय) चालू होते, परंतु त्याचे ३३८९ हे पोर्ट केवळ संगणक कक्षातील एका यंत्रालाच खुले होते. तेवढे एक पोर्ट माझ्या लॅपटॉपच्या पत्त्यासाठी आठवडाभर उघडावे, एवढाच माझा अर्ज होता. चौथ्या दिवशी तो ‘उद्देश अपुरा’ असा शेरा मारून परत आला. मी प्राचार्यांच्या पत्राची प्रत जोडून तो पुन्हा दिला, रोज जाऊन विचारले आणि रोज ‘साहेबांच्या टेबलावर आहे’ हेच उत्तर ऐकले. आपणही अर्ज करणार असाल तर पोर्टचा क्रमांक, स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता आणि नियम काढून टाकण्याची तारीख पहिल्याच अर्जात लिहावी; मी तारीख लिहिली नव्हती आणि नेमके तेच कारण सात दिवसांनी मला तोंडी सांगण्यात आले.

त्या काळात मी इतर खुणा तपासल्या. उत्तरातील टीटीएल (पॅकेटला वाटेत किती राउटर ओलांडता येतील तो आकडा) १२८ च्या आसपास असेल तर विंडोज आणि ६४ च्या आसपास असेल तर बहुधा लिनक्स, अँड्रॉइड किंवा मॅक, हे खरे आहे. वाटेतील प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, म्हणून १२७ पाहून गोंधळू नये. डीएचसीपीच्या, म्हणजे संगणकांना नेटवर्कवरील पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या, नोंदींतील ‘एमएसएफटी ५.०’ ही खूणही विंडोजचीच. परंतु विंडोज १० आणि ११ यांतील फरक यांपैकी कशानेच कळत नाही, आणि मला नेमका तोच हवा होता.

बाराव्या दिवशी नियम जोडला गेला. एनमॅपची रिमोट डेस्कटॉपसाठीची एनटीएलएम (विंडोजची ओळख पडताळण्याची पद्धत) माहिती देणारी स्क्रिप्ट चालवताच प्रत्येक संगणकाचा बिल्ड क्रमांक (आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक) समोर आला: १९०४१ असलेले विंडोज १०, आणि २२००० किंवा त्यापुढचे विंडोज ११. मुख्य आवृत्ती दोन्हींची १०.० अशीच दिसते, त्यामुळे शेवटचा आकडाच पाहावा. वीस मिनिटांत ५७ संगणकांची नोंद झाली, आणि तेव्हा झालेला आनंद मी लपवला नाही.

येथे एक गोष्ट आठवली, ती आधीच सांगायला हवी होती. प्रिंटरच्या ९१०० या पोर्टवर सेवा ओळखण्याच्या चाचण्या मुद्दाम चालवू नयेत. काही प्रिंटर आलेला मजकूर तसाच कागदावर छापतात. एनमॅप ते पोर्ट स्वतःहून वगळतो, ते तसेच राहू द्यावे.

उरलेल्या सात संगणकांवर रिमोट डेस्कटॉप बंद होते. त्यांच्यापुढे एकेक करून बसले, विंडोज आणि आर या कळा दाबून आवृत्ती दाखवणारी ‘विनव्हर’ ही आज्ञा टंकली आणि आकडे वहीत उतरवले. विंडोज १० चे संगणक ३८ निघाले.