थंब येऊन नाही राहिला

नागपुरात सक्करदऱ्याला माझं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. झेरॉक्स, पॅनकार्ड, सातबारा, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. दिवसभर कानावर पडणारं वाक्य एकच: "ताई, थंब येऊन नाही राहिला." थंब म्हणजे आधारची ओळख पटवायला मशीनवर द्यायचा बोटाचा ठसा.

येणार कुठून? धुणीभांडी करून बायकांची बोटं गुळगुळीत झालेली, मिस्त्रीच्या बोटांची सिमेंटनं सालटं निघालेली. मी आधी ओल्या फडक्यानं पुसायला लावते, मग बोट कपाळावरून फिरवायला सांगते, म्हणजे जरा तेलकट होतं. कधी लागतं, कधी नाही. मग मोबाईलवर चेहरा दाखवून ओळख पटवायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका काकाजींना मोबाईल "डोळे मिचकवा" म्हणत होता. ते दोन्ही डोळे गच्च मिटून घेत आणि उघडायचं विसरून जात. शेवटी त्यांना दारातल्या उजेडात उभं केलं नि मीच समोर उभी राहून डोळे मिचकावून दाखवले. रस्त्यावरची पोरं हसून बेजार.

मानवी हक्क म्हटलं की आपल्याला कोठडी, लाठी, मोर्चा आठवतो. माझ्या टेबलावर कोणी कोणाला नाही म्हणत नाही. स्क्रीनवर गोल फिरत राहतं आणि माणूस परत जातो. दाद मागायची कोणाकडे?

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नवांत आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. पुढच्या वर्षी आधारचा निकाल चार विरुद्ध एक असा लागला आणि सरकारी लाभांसाठी आधार राहिलं. निकाल मोठाच, पण माझ्या गिऱ्हाइकांची तक्रार उलटी असते. सरकारला आपली माहिती कळते म्हणून कोणी रडत येत नाही. सरकार आपल्याला ओळखत नाही म्हणून येतात.

या तक्रारीच्या जवळ जाणारा निकाल ३० एप्रिल २०२५ ला आला. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या एका महिलेला पापणी मिटता येत नाही म्हणून बँकेचं केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणं, होईना. सर्वोच्च न्यायालयानं तिचं आणि एका अंध याचिकाकर्त्याचं म्हणणं ऐकलं. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हटलं आणि वीस निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय ठेवा, कागदावरचं केवायसीही चालू ठेवा, हे त्यातच आलं. मला हे वाचून फार बरं वाटलं, आमच्या काकाजींपर्यंत ते कधी पोचेल ते पोचो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २५ वं कलम काढून बघा. म्हातारपण, आजारपण, वैधव्य यांत सुरक्षितता मिळण्याचा हक्क तिथं शब्दानं लिहिलाय. वैधव्यसुद्धा! २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीणचं ई-केवायसी सुरू झालं तेव्हा मला तेच आठवत होतं, कारण त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागत होते.

"नवरा वारला, बाप वारला, आता ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येईन वो?" एका काकूंनी विचारलं. रांगेतल्या बाकीच्या बायकाही मग बोलायला लागल्या. महिना १५०० रुपये, त्यात गॅस नि पोराची फी.

राज्यभर ओरड झाल्यावर नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. स्वतःचं केवायसी करा आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्या, असं ठरलं. सुधारलं, हे मान्यच. पण माझ्याकडे अशाही बायका येतात ज्यांचा नवरा जिता आहे, कुठं आहे ते माहीत नाही, आणि कोर्टाची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. त्यांच्याकडे यातला एकही कागद नसतो. त्यांचे अर्ज मी हातानं लिहून देते, पोच घ्यायला सांगते. लिहिण्याचे पैसे घेत नाही, झेरॉक्सचे घेते.