तुम्ही विचारलंत म्हणून: एटाला नेमकं कोणी थांबवलं?

पुण्यात मी स्पॅनिश शिकवते. वर्गात इतिहासाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, त्या बास्क लोकांची संघटना होती ना, एटा, तिचं शेवटी काय झालं? पोलिसांनी संपवली की सरकारने तोडपाणी केलं?" वर्गातल्या पाच मिनिटांत दिलेलं उत्तर मला दर वेळी अपुरं वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

पोलिसांनी एटाचं कंबरडं मोडलं हे खरं आणि पडद्याआड बोलणी झाली हेही खरं. पण ज्यांच्यासाठी लढतो असं एटा म्हणत होती, त्या बास्क माणसांनीच तिच्याकडे पाठ फिरवली नसती तर या दोन्हींतून फारसं काही निष्पन्न झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. त्यांना ती फिरवायला फार वर्षं लागली. मला सांगायचा असतो तो हाच भाग.

आधी थोडी पार्श्वभूमी. पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्स दोन्हीकडे पसरलेला हा मुलूख. लोकसंख्या तीसेक लाख. एउस्कारा या त्यांच्या भाषेचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. १९३७ मध्ये, स्पेनच्या यादवी युद्धात, जनरल फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मन विमानांनी गेर्निका गाव बेचिराख केलं. युद्ध जिंकून हुकूमशहा झालेल्या फ्रँकोने शाळा-कचेऱ्यांतून ही भाषा हद्दपार केली. जुन्या बास्क राष्ट्रवादी पक्षाचं मवाळ धोरण न पटलेल्या काही विद्यार्थ्यांनी १९५९ मध्ये, स्वतंत्र बास्क देशासाठी, एटा स्थापन केली. जून १९६८ मध्ये रस्त्यावरच्या तपासणीत सिव्हिल गार्ड या स्पेनच्या निमलष्करी पोलीस दलाचा एक जवान एटाच्या गोळीने मेला आणि गोळी झाडणाराही त्याच दिवशी पोलिसांच्या हातून मारला गेला. दोघंही विशीतले. १९७३ मध्ये माद्रिदच्या एका रस्त्याखाली भुयार खणून एटाने पंतप्रधान काररेरो ब्लान्कोची गाडी स्फोटाने उडवली. तो फ्रँकोचा उजवा हात. देशोदेशीच्या फ्रँकोविरोधकांना तेव्हा एटाचं कौतुक वाटलं.

ते कौतुक अजून पुरतं विरलेलं नाही. "हुकूमशहाविरुद्ध लढले म्हणजे क्रांतिकारकच ना?" असंही मला विचारलं जातं. त्यावर मी एकच गोष्ट सांगते. एटाने आठशेहून अधिक माणसं मारली, आणि त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त फ्रँको मेल्यानंतर. १९७७ मध्ये राजबंद्यांना माफी मिळाली. १९७९ मध्ये स्वायत्तता आली. स्वतःची संसद, स्वतःचे पोलीस, स्वतःची करवसुली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, एटाने नव्वदहून अधिक जीव घेतले. इतके बळी दुसऱ्या कुठल्याच वर्षी गेले नाहीत. १९८७ मध्ये बार्सेलोनातल्या इपेरकोर या सुपरमार्केटमध्ये बॉम्ब ठेवला. सामान आणायला गेलेली २१ माणसं गेली. उद्योजकांना खंडणीची पत्रं जात. तिला म्हणायचं 'क्रांतिकारी कर'. आणि जो सोडून जाईल तो गद्दार. योयेस या नावाने ओळखली जाणारी मारिया दोलोरेस गोन्सालेस काताराइन एके काळी एटाच्या नेतृत्वात होती. ती संघटना सोडून परदेशी गेली, शिकली, आई झाली, मग गावी परतली. सप्टेंबर १९८६ मध्ये ओर्दिसियाच्या जत्रेत, तीन वर्षांच्या मुलाचा हात धरून चालली असताना, जुन्या सोबत्यांनी तिला गोळ्या घातल्या.

सरकारचे हातही स्वच्छ नव्हते, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगता येत नाही. १९८३ ते १९८७ या काळात 'गाल' नावाच्या छुप्या टोळ्यांनी २७ जण मारले, आणि त्यांना पैसा, माणसं आणि अभय पुरवण्यात सरकारातले लोक होते. त्या काळी गृहमंत्रिपदी राहिलेल्या होसे बार्रिओनुएवोंना अपहरणाच्या प्रकरणात १९९८ मध्ये शिक्षा झाली. लासा आणि साबाला या दोन तरुणांना फ्रान्समधल्या बायोनहून पळवलं, छळलं, मारलं आणि चुन्यात पुरलं; त्यांची ओळख पटायला १९९५ उजाडलं. एटाला नवी पोरं मिळत राहिली त्यात या प्रकारांचा वाटा मोठा होता.

आता समाजाकडे येते. कोणी मारला गेला की गावात दबक्या आवाजात एक वाक्य फिरायचं: 'काहीतरी केलं असेल त्याने.' अंत्ययात्रेला माणसं जमायची नाहीत. विधवेला दुकानात कोणी हटकायचं नाही, पण तिच्याशी बोलायचंही नाही. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. मारणारा कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी वर्गमित्र असायचा, आणि 'आपल्या पोरांना' कसं बोलायचं, हा पेच होता.

हे मौन फोडलं ते, कसं सांगू, मौनानेच. १९८५ च्या अखेरीस बिल्बाओमधल्या काही तरुण मंडळींनी एक साधा नेम धरला. राजकीय हिंसेत कोणाचाही मृत्यू झाला की दुसऱ्या दिवशी चौकात जमायचं, फलक धरायचा, पंधरा मिनिटं गप्प उभं राहायचं आणि घरी जायचं. यातून 'हेस्तो पोर ला पास' (शांततेसाठी एक कृती) ही चळवळ उभी राहिली आणि गावोगाव गट झाले. 'कोणाचाही' म्हणजे खरोखर कोणाचाही. पोलीस मेला तरी उभं राहायचं, पोलिसांच्या गोळीने एटाचा माणूस मेला तरी उभं राहायचं. यामुळे दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या त्यांनी. १९९३ मध्ये एका अभियंत्याच्या अपहरणाच्या वेळी त्यांनी छातीवर निळी फीत लावायला सुरुवात केली. १९९५ मध्ये होसे मारिया आल्दाया या उद्योजकाला पळवल्यावर तर त्यांच्या समोरच, काही पावलांवर, एटाचे समर्थक जमून घोषणा देऊ लागले. त्यात 'एटा, मारा त्यांना' हीसुद्धा होती. समोर घोषणा देणारा शेजारी असायचा, उद्या पावाच्या दुकानात पुन्हा भेटणारा. मोठ्या शहरात लाखोंच्या मोर्चात चालणं सोपं. आपल्याच छोट्या गावात, बाराजणांत, चेहरा उघडा ठेवून उभं राहणं फार अवघड. मला या सगळ्या इतिहासात या माणसांइतकं धैर्य दुसऱ्या कोणात दिसत नाही.

जुलै १९९७ मध्ये एर्मुआचा २९ वर्षांचा नगरसेवक मिगेल आन्खेल ब्लान्को याला एटाने पळवलं. एटाच्या कैद्यांना बास्क प्रदेशाजवळच्या तुरुंगांत हलवा, ४८ तासांची मुदत, नाहीतर ठार करू. देश रस्त्यावर उतरला, बिल्बाओत जनसागर लोटला. मुदत संपली आणि त्याला डोक्यात गोळी घातली. त्या दिवसांत बास्क पोलिसांनी, जे बदल्याच्या भीतीने कायम तोंड झाकून बंदोबस्ताला उभे राहत, बुरखे काढले आणि लोकांनी त्यांना मिठ्या मारल्या. 'काहीतरी केलं असेल' हे वाक्य त्यानंतर मोठ्याने म्हणायची सोय राहिली नाही.

पुढचं भराभर सांगते. १९९८ चा युद्धविराम पुढच्या वर्षअखेरीस मोडला. २००३ मध्ये एटाची राजकीय बाजू सांभाळणारा बातासुना पक्ष बेकायदा ठरला आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. याच काळात समाजवादी पक्षाचे हेसुस एगिगुरेन आणि बातासुनाचे आर्नाल्दो ओतेगी एल्गोइबारच्या एका शेतघरात गुपचूप भेटत होते. त्यातून २००६ चा युद्धविराम आला, पण ३० डिसेंबरला माद्रिद विमानतळाच्या वाहनतळावर बॉम्ब फुटला आणि इक्वेडोरचे दोन तरुण गाडीतच मेले. फ्रान्समध्ये म्होरक्यामागून म्होरक्या पकडला जात होता. अखेर २००९-१० मध्ये एटाच्या जवळच्या राजकीय कार्यकर्त्यांनीच आपल्या बैठकांतून ठरवलं की पुढचा मार्ग बंदुकीविना. ही पाठ फिरली तेव्हा एटापाशी काही उरलं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान आदी मंडळी सान सेबास्तियानच्या आइएते प्रासादात जमली, एटाला हिंसा थांबवायचं आवाहन केलं आणि तीन दिवसांनी एटाने सशस्त्र कारवाया कायमच्या थांबवल्याचं जाहीर केलं.

इथे एक नाव आपल्या ओळखीचं. युद्धविराम पाळला जातोय का हे पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. स्पेन सरकारने त्या आयोगाला दारात उभं केलं नाही. शस्त्रं ताब्यात घ्यायलाही ते तयार नव्हतं, म्हणून शेवटी नागरिकच पुढे झाले. डिसेंबर २०१६ मध्ये लुउसो गावात शस्त्रं निकामी करायला निघालेल्या पाच जणांना फ्रेंच पोलिसांनी पकडलं. तरी काम थांबलं नाही. ८ एप्रिल २०१७ रोजी आठ साठ्यांचे पत्ते फ्रेंच न्यायव्यवस्थेला दिले गेले. पोलीस येईपर्यंत दीडशेहून अधिक स्वयंसेवक त्या जागांवर पहाऱ्याला होते. मे २०१८ मध्ये एटा विसर्जित झाली.

"मग माफ केलं का त्यांना?" हा पुढचा प्रश्न. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या वतीने कोणी उत्तर देऊ नये. मी फक्त माइशाबेल लासांबद्दल सांगते. त्यांचे पती हुआन मारी हाउरेगी हे गिपुस्कोआ या बास्क प्रांताचे माजी गव्हर्नर. वर सांगितलेल्या लासा आणि साबाला या तरुणांच्या खुनाच्या खटल्यात त्यांनी सिव्हिल गार्डच्या जनरलविरुद्ध साक्ष दिली होती. म्हणजे एटाच्या पोरांना न्याय मिळावा म्हणून उभा राहिलेला हा माणूस, आणि त्यालाच एटाने जुलै २००० मध्ये तोलोसाच्या एका कॅफेत मारलं. लासाबाईंनी पुढे अकरा वर्षं बास्क सरकारच्या पीडित साहाय्य कार्यालयाचं काम पाहिलं. त्यात पोलिसी हिंसेच्या पीडितांनाही त्यांनी जागा दिली. पश्चात्ताप झालेल्या मारेकऱ्यांपैकी एकाला त्या २०११ मध्ये तुरुंगात भेटल्या, पुढे दुसऱ्यालाही. पुष्कळ पीडितांना हे मान्य नाही, आणि त्यांचा तो हक्क आहे.

हिशेब अजून बाकी आहे. बास्क सरकारने करवून घेतलेल्या अभ्यासात १९६० ते २०१४ या काळातल्या छळाच्या ४,११३ प्रकरणांची नोंद झाली. माद्रिदने त्याची जबाबदारी अंगाला लावून घेतलेली नाही. एटाच्या तीनशेहून अधिक खुनांचा छडा लागलेला नाही. मिगेल आन्खेल ब्लान्कोच्या जिवाच्या बदल्यात मागितलेली ती कैद्यांची बदली मार्च २०२३ मध्ये पूर्ण झाली. कैदी आता घराजवळ आहेत, घरच्यांना शेकडो मैल गाडी हाकावी लागत नाही. ते व्हायलाच हवं होतं. आता त्यांच्यातल्या ज्यांना ठाऊक आहे त्यांनी उरलेल्या मारेकऱ्यांची नावं सांगावीत, अशी पीडितांच्या कुटुंबांची मागणी आहे, आणि तीही तितकीच रास्त आहे.